गाडी थंड असताना

४ मार्च, सोमवार

ही वही हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरची. ‘वेळ’, ‘कोणाचा’, ‘कोणाला जोडला’ असे रकाने छापलेले आहेत. चोवीस वर्षं असल्या वह्या भरल्या. मग तिथे यंत्र बसलं. ते आता ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगतं आणि मी घरी. निघताना दोन कोऱ्या वह्या पिशवीत टाकल्या. कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून सहा महिने ह्यांच्याबरोबर फिरते आहे. ह्यांचं गॅरेज जोरात होतं. गुडघे गेल्यावर पाने-पेचकस खाली ठेवले आणि आता फक्त गाड्या बघायचं काम करतात. जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक, मातीतून, टेकड्यांवरून उडवायच्या त्या. ज्यांना विशीत परवडल्या नाहीत, ते आता पन्नाशीत असल्या गाड्या शोधत फिरतात. कुठे जाहिरात दिसली की ‘आधी उस्तादांना दाखवा’ असं त्यांच्यात ठरलेलंच आहे. हे जातात, तास-दीड तास गाडीभोवती फिरतात आणि एका पानाचा रिपोर्ट देतात. काय अस्सल आहे, काय बदललेलं आहे, किंमत किती. खाली सही. त्या सहीवर लोक डोळे झाकून गाडी घेतात.

माझं काम फाइल धरायची, फोटो काढायचे, सांगतील ते लिहायचं. आणि परीक्षा द्यायची. गाडी चालू झाली की हे गाडीकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. "तुला काय वाटतं?" बावन्नाव्या वर्षी तोंडी परीक्षा. काल मागून म्हटलं, "तुम्हाला कळतंय ना, मग मला कशाला विचारता?" उत्तर नाही. समोर जाऊन उभी राहिले तर हसले नुसते. हल्ली नुसतेच हसतात.

९ मार्च, शनिवार

दोन बस बदलून एका कोंबडी-खाद्याच्या गोदामात. जाहिरात होती, ‘अस्सल, एकहाती, चालू स्थितीत’. ताडपत्री ओढली तर लाल टाकीची देखणी गाडी. गोदामवाल्याने ती अशी पुसली होती की जणू नवरीच उभी केली आहे.

ह्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ जाऊन इंजिनावर तळवा ठेवला.

"गरम आहे."

"आत्ताच जरा फिरवून आणली, तुम्ही येणार म्हणून," गोदामवाला म्हणाला.

"थंड होऊ दे. मग बोलू."

गरम गाडी अर्ध्या किकला चालू होते. तिच्यात काय दुखतंय ते थंड असतानाच कळतं. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मग आम्ही पोत्यांवर चाळीस मिनिटं बसलो. म्हणजे मी बसले. हे गाडीकडे तोंड करून, नखाने चेसिसवरचा नंबर खरवडत उकिडवे बसलेले. गोदामवाल्याने मागून तीनदा काहीबाही विचारलं, चहा घेणार का, किती वर्षं करताय हे काम. ह्यांनी मान वळवली नाही. शेवटी मीच उत्तरं दिली.

"उस्ताद फार कमी बोलतात," तो म्हणाला.

"कामात असले की असेच," मी म्हटलं. लाज वाटली. एवढा शिष्टपणा पूर्वी नव्हता ह्यांच्यात.

नंबरातला एक आकडा बाकीच्यांपेक्षा खोल होता. तीनचा आठ केलेला. म्हणजे इंजिन दुसऱ्याच गाडीचं. असल्या गाड्यांची अर्धी किंमत नंबर जुळण्यात असते. हे त्यांनी शांतपणे दाखवलं, आणि गोदामवाल्याचा आवाज एकदम मऊ झाला. मग गाडी चालू केली आणि हे आपले माझ्याकडे टक लावून.

मी म्हटलं, "खालून किरकिर येते आहे. पंख्यात वाळू गेल्यासारखी. वेग वाढवला की जाते, सोडला की परत."

लगेच म्हणाले, लिही, मेन बेअरिंग गेलेलं. स्वतः वाकून कान लावलासुद्धा नाही. मला बरं वाटावं म्हणून करत असतील. चाळीस वर्षं इंजिनं ऐकलेल्या माणसाला माझं काय मेलं लागतंय.

परतीच्या बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. पाय सुजलेत माझे.

१३ मार्च, बुधवार

ह्यांनी नवी कार्डं छापून आणली. खाली ठळक अक्षरात, ‘कृपया फोन करू नये. मेसेज करावा.’ ज्याच्या बायकोने चोवीस वर्षं फोन जोडले त्या माणसाने हे छापावं. मला टोमणा मारायचा म्हणून छापलं नसेल, पण लागलं.

जेवताना हल्ली शेजारी बसत नाहीत. टेबलाच्या पलीकडे, अगदी समोर बसतात. एकोणतीस वर्षं शेजारी बसत होतो. विचारलं तर म्हणाले, "इथे उजेड बरा पडतो." उजेडात काय बघायचंय आता एकमेकांचं.

१७ मार्च, रविवार

लेकीचा फोन. एरवी आधी माझ्याशी बोलते. आज म्हणाली, "आई, आधी बाबांना दे. त्यांना सांगायचंय काहीतरी."

हे फोन घेऊन खिडकीशी गेले. मी ओटा पुसत ऐकत होते. "हं... हं... अच्छा." बराच वेळ नुसतं हं. मग, "छान. छान झालं की. तुला योग्य वाटेल ते कर." आणि फोन ठेवूनच दिला, माझ्याकडे आणलाही नाही.

"काय म्हणाली?"

"मजेत आहे."

१८ मार्च, सोमवार

दुपारी तिने मला फोन केला. आवाजावरूनच मला कळलं. बोर्डावर बसून एक समजायला लागलं होतं, माणूस ‘हॅलो’ म्हणतो त्यातच अर्धी बातमी असते.

ती आणि जावई वेगळे झाले. महिना झाला. एका भाड्याच्या खोलीत एकटी राहते आहे. भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. "आई, तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला होता. मी घरात आहे की नाही याने त्याला फरक पडत नव्हता." 

मग म्हणाली, "दोन महिने मी मनात घोकत होते, बाबांना कसं सांगायचं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, म्हणून आधी त्यांना. वाटलं, त्यांच्या काळजाला घरं पडतील. आणि ते म्हणाले, छान झालं. एकदा नाही आई. दोनदा."

मी रडले नाही. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. हे संध्याकाळी आले, पोटभर जेवले, वर ताक मागितलं. पोरीचा संसार मोडलाय हे ह्या माणसाला कालपासून ठाऊक आहे. आणि मला सांगितलं, मजेत आहे. जाब विचारायलासुद्धा तोंड उघडावंसं वाटेना.

आजपासून अबोला.

२२ मार्च, शुक्रवार

अबोल्याचा पाचवा दिवस. ह्यांच्या लक्षातही आलेलं नाही.

मी ताट आदळते. हे जेवतात. मी समोर बसून भिंतीकडे बघते. हे पेपर वाचतात. काल तर शीळ घालत होते, तीही बेसूर. ज्याला पत्ताच नाही त्याच्याशी अबोला धरायचा म्हणजे दमायचं आपणच. मला आता रागही धड येत नाही, नुसता थकवा येतो.

उद्या मास्तरांकडे जायचंय. त्यांनी चाळीस वर्षं पोरांना मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवलं. आता सारं आवरून बहिणीकडे राहायला चाललेत, म्हणून स्वतःची गाडी विकायला काढली. घेणारे एक दातांचे डॉक्टर आहेत. तरुणपणी मास्तरांना त्याच गाडीवर पाहिलं होतं म्हणे. ते रिपोर्टसाठी थांबलेत.

मी चिठ्ठी लिहून ठेवली, ‘पाय दुखतो. उद्या येणार नाही.’

दुपारी पडले होते तर हे दारात येऊन उभे राहिले. "येच ना. मास्तरांची गाडी आहे." मी कूस बदलली. "तू असलीस की बरं पडतं मला." मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ उभे होते, मग गेले.

२४ मार्च, रविवार

काल एकटेच जाऊन आले. आज रिपोर्ट टाइप केला. अडीचशे सीसी, एक्केचाळीस वर्षांची गाडी. इंजिन आणि चेसिसचे नंबर जुळतात. टाकीचा रंग मूळचा, डाव्या बाजूला पोचा. पुढच्या फोर्कमधून तेलाची थोडी गळती. टायर वाळलेले, बदलावे. कार्ब्युरेटर मूळचा. किंमत एक लाख ऐंशी. मी पाहिलेल्या रिपोर्टांत ही सगळ्यात जास्त.

‘इंजिनाचा आवाज’ ह्या ओळीपुढे दोनदा काहीतरी लिहून खोडलेलं होतं. मग ‘स्वच्छ’. मी ‘स्वच्छ’ टाइप केलं. विचारलं नाही.

अबोला आज सुटला. गॅस संपला, म्हणून बोलावं लागलं.

६ एप्रिल, शनिवार

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोचा ह्यांच्या फोनवर मेसेज आला. डॉक्टर गाडी घेऊन तिसऱ्यांदाच बाहेर पडले होते. उतारावर वेगात असताना इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, आणि डॉक्टर हँडलवरून पुढे फेकले गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं. उजवं मनगट दोन ठिकाणी.

उजवं मनगट. दातांच्या डॉक्टरचं.

ह्यांनी मेसेज वाचला, मला दिला आणि पायरीवर बसले. "मी गेलो होतो ना बघायला," म्हणाले. थोड्या वेळाने परत तेच. "मी गेलो होतो."

८ एप्रिल, सोमवार

हॉस्पिटलमध्ये एकटी गेले. हे निघाले होते, एक बूट घातला आणि बसूनच राहिले. दुसरा घालेनात. म्हटलं राहू द्या.

वॉर्डात शिरताना सवयीने फोनचा आवाज बंद केला. डॉक्टर पन्नाशीचे, किडकिडीत. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आत धातूच्या पट्ट्या बसवल्यात. मला बसा म्हणाले. मला उलट त्यांनी ओरडायला हवं होतं.

"मला इंजिनातलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "कळत नाही म्हणून तर उस्तादांना बोलावलं. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मी शंभरदा वाचलंय ते पान."

त्यांच्या बायकोने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. पहिल्या दिवशी अंगणात गाडी चालू केली तेव्हा तिने व्हिडिओ काढला होता. तो लावला. डॉक्टर गाडीवर बसून पोरासारखे हसतायत, हँडल पिळतायत. मी फोन हातात घेऊन परत लावला.

हँडल सोडल्यावर इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे खाली यायला हवा. हा वरच रेंगाळत होता, मग नाखुशीने उतरत होता. ऑक्टोबरात एका गाडीचं असंच होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, "हिला परत यायचंच नाहीये," आणि ह्यांनी लगेच लिहिलं होतं, ‘क्रँकचं सील सुकलं आहे, बाहेरची हवा ओढते आहे, इंजिन तापून जाम होईल, गाडी चालवू नये.’ ते मला आठवतं आणि ह्यांना ऐकू येऊ नये?

 व्हिडिओ मला पाठवा, एवढंच म्हटलं.

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी ह्यांच्यासमोर फोन ठेवला. व्हिडिओ लावला. गॅसवर कुकर फुसफुसत होता, तो आवाज कालपासून माझ्या डोक्यात वाजतच होता, आणि मी नुसता ह्यांचा चेहरा बघत होते. हे पुढे झुकले, मान एका बाजूला कलती केली, शेवटपर्यंत बघितलं.

"आवाज स्वच्छ आहे गं. काही नाहीये त्यात."

मला वाटलं, सारवासारव करतायत. एका माणसाचा हात गेला आणि ह्यांना सहीची पडली आहे. म्हटलं, "परत ऐका." परत लावला. परत तसेच झुकले. "स्वच्छ," म्हणाले. माझ्याकडे बघितलं, आणि जरा गडबडले. "का? तुला काय वाटतं?"

मी फोन ओढून घेतला, आवाज मोठा करायला. आवाज बंदच होता. काल वॉर्डात बंद केला तो मी सुरूच केला नव्हता.

हे दोन्ही वेळा मुकी चित्रं बघत होते.

फोन तसाच ठेवला आणि आत गेले. नळ उघडा सोडून उभी राहिले. मग बाहेर येऊन त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले. हे चष्मा पुसत होते. मी नावाने हाक मारली, नुसत्या नावाने, आयुष्यात पहिल्यांदा. मग मोठ्याने. मग म्हटलं, "तुमची मुलगी घर सोडून एकटी राहते आहे, आणि तुम्ही तिला छान म्हणालात." हे चष्मा पुसत राहिले. एक काच, मग दुसरी. चष्मा घातला, मी मागे आहे हे कशावरून तरी जाणवलं असावं, वळले आणि हसले.

"काय गं?"

मी काही नाही म्हणून मान हलवली.

११ एप्रिल, गुरुवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज सकाळी रिपोर्टचं पॅड घेतलं, समोर बसले आणि लिहिलं, ‘कधीपासून?’

वाचलं. नाटक करतील असं वाटलं होतं, नाही केलं. "डावा गेला त्याला चार वर्षं झाली. उजवा गेल्या वर्षी. आवाज येतो थोडा. शब्द येत नाहीत. सगळं पाण्याखालून आल्यासारखं."

‘मग माझ्याशी कसे बोलता?’

"ओठ बघतो. समोर असलीस की जमतं. तू बोलतेस तेव्हाच. बाकीच्यांचं अर्धं अंदाजाने."

‘आणि गाड्या?’

"गाडी चालू झाली की तुझ्या कपाळावर दिसतं. मग विचारायचो."

‘मला वाटलं परीक्षा घेताय.’

"नाही गं. मी खरंच विचारत होतो."

पॅड माझ्या मांडीवर, पेन हातात आणि मला पुढे लिहायला सुचेना. सव्वीस रिपोर्ट मी टाइप केले. एकेक आठवायला लागले. मी काय म्हणाले होते, ह्यांनी काय लिहिलं होतं.

"का सांगितलं नाही?" हे मी नुसतं बोलले, त्यांच्याकडे तोंड करून.

"इंजिन ऐकून किंमत सांगणारा माणूस बहिरा. कोणाला सांगू?"

"मला."



मी लिहिलं, ‘मास्तरांकडे एकटे का गेलात?’

"तू येत नव्हतीस." ठपका नव्हता त्यात. जे होतं ते सांगितलं.

मग मी सांगितलं, की मी तेव्हा अबोला धरला होता. त्यांना कळेना. लिहून दाखवलं. "कधी?" म्हणाले. मार्चमध्ये, चांगले सहा दिवस. माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं. दोघं वेड्यासारखी हसलो. इतक्या महिन्यांत एकत्र हसलो नव्हतो.

हसू ओसरल्यावर म्हणाले, "पण का धरला होतास?"

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लेकीने त्या रविवारी काय सांगितलं ते लिहिलं. कागद फाडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. "मी काय म्हणालो तिला?"

मी दोन बोटं वर केली आणि ओठ हलवले. छान. छान.

ते त्या कागदाची घडी घालायला लागले. चार पदरी, आठ पदरी, आणखी. पुढे घडी पडेना तरी अंगठ्याने दाबत बसले.

१४ एप्रिल, रविवार

डॉक्टरांना घरी सोडलं आहे. आम्ही दोघं गेलो. ह्यांनीच सांगितलं, उभ्याउभ्या.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं."

"नाही."

"आणि स्वच्छ लिहिलंत."

"हो. मास्तर काळजी घेणारा माणूस, गाडी चांगलीच असणार असं धरलं."

"सहा महिने मी कोणाच्या तोंडात हात घालू शकणार नाही. नंतरही हात पूर्वीसारखा चालेल का, कोणी सांगत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही गेला असतात तर कळलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," म्हटलं.

"मग का नाही गेलात?"

"घरचं कारण होतं."

ते मान हलवत राहिले. म्हणाले, आता तुम्ही निघा. दारात त्यांची बायको म्हणाली, हे सगळं लिहून द्या. तिथेच बसून ह्यांनी लिहून दिलं, सही केली. खाली मीही केली. पुढे काय करायचं ते त्यांच्या हातात आहे.

२१ एप्रिल, रविवार

गेल्या वर्षात मास्तरांच्या गाडीखेरीज आणखी चार गाड्या हे एकटे जाऊन बघून आले होते, मी येण्याआधी. आठवडाभर त्या चारही घरी जाऊन आलो. प्रत्येक दारात हे आधीच सांगून मोकळे व्हायचे, "मला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. हिला परत ऐकू द्या." एकजण हसला, त्याला थट्टाच वाटली. एकाने फी परत मागितली, दिली. तीन गाड्या बऱ्या निघाल्या. चौथीचं बेअरिंग गेलं होतं. त्या माणसाला म्हटलं, उघडून घेतल्याशिवाय हिच्यावर बसू नका.

परत येताना मास्तरांकडे गेलो. घर रिकामं झालेलं, दोन ट्रंका आणि एक खुर्ची. वय ऐंशी, पण ताठ. त्यांना डॉक्टरांचं कळलं होतं.

"सहा वर्षं उभी होती गाडी," ते म्हणाले. "सील सुकणारच. मी म्हटलं होतं की तुला, उस्ताद. सील बदलल्याशिवाय पळवू नका म्हणावं डॉक्टरांना. तू मान डोलावलीस आणि हसलास. मला वाटलं, लिहिलंस तू ते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आत्ताचंही निसटलं असेल ह्यांच्याकडून. पण ते मास्तरांच्या अगदी समोर उभे होते, खिडकीचा उजेड मास्तरांच्या तोंडावर. शब्दन् शब्द वाचला होता त्यांनी.

बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसले. झोपले नव्हते.

२९ एप्रिल, सोमवार

कानाच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पाच वर्षांपूर्वी यायला हवं होतं. गेलंय ते परत येणार नाही, यंत्राने थोडी मदत होईल. यंत्रं लावून घरी आलो. हे स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. "आपला फ्रिज एवढा ओरडतो?" मी म्हटलं, गेली तीन वर्षं. दुपारी काढून ठेवली, डोकं दुखायला लागलं म्हणून.

शब्द अजून नीट लागत नाहीत. लागतीलच असं नाही, असं बाई म्हणाल्या.

लेकीला तीन दिवस बसून काहीतरी लिहीत होते. मला दाखवलं नाही. आज पाठवून दिलं. दोन तासांनी तिचं उत्तर माझ्या फोनवर, ‘शनिवारी येते. बाबांना सांग.’

इकडे दोन नव्या गाड्या बघायला बोलावणं आलंय. मेसेज करणाऱ्याला ह्यांनी काय उत्तर दिलं ते नंतर बघितलं. ‘माझी बायको येईल. मी बरोबर असेन. सही तिची.’ मला न विचारता. मला कुठे काय येतं, मी आपली लिहून घेणारी.

४ मे, शनिवार

लेक दुपारी आली. वाळली आहे. केस कापलेत. दारात मला मिठी मारली, ह्यांच्याकडे नुसतं बघितलं.

ह्यांनी सकाळीच घरालगतच्या बंद गॅरेजच्या ऑफिसातलं टेबल हलवून ठेवलं होतं. एक खुर्ची खिडकीसमोर, उजेड तोंडावर पडेल अशी. दुसरी तिच्यासमोर. यंत्रं लावली होती. तिला म्हणाले, "पहिल्यापासून सांग. घाई नाही. मी थांबवलं तर परत सांग."

मी बाहेर आले. मधे काचेची भिंत आहे, धूर आत जाऊ नये म्हणून पूर्वी बसवलेली. मी बाकावर बसले. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती बोलत होती, आधी भरभर, मग सावकाश. हे गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकलेले, डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते. मधेच हात वर करायचे. ती थांबायची, परत बोलायची. एका जागी त्यांनी हात वर केला, तिने परत सांगितलं. परत हात. परत. ती चिडली असेल असं वाटलं. उठून आत जावं का, असाही विचार आला. गेले नाही.

मग ह्यांचा हात खाली आला आणि तसाच राहिला.

ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. नाक लाल. माझ्या शेजारी बसली.

"एकच वाक्य त्यांनी मला चार वेळा म्हणायला लावलं, आई," ती म्हणाली. "ते मी अजून कोणाला एकदाही नीट सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा म्हणताना रडू नाही आलं."

मग ती तोंड धुवायला आत गेली.